बाप्तिस्मा किती वेळा?

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला मावशीकडे गेलो होतो. मावशी मूळची धारवाडची, आईची धाकटी बहीण. लग्न होऊन जुनी इंदूरमध्ये गेली आणि तिथलीच झाली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि राग आला की कानडी, असा तिचा शिरस्ता. या खेपेला मी पोचलो तेव्हा कानडी चालू होती.

कारण माझी पुतणी. नोकरीला पुण्यात. मुलगा तिनेच पसंत केला, घरच्यांनाही आवडला. पण तो ज्या फेलोशिपमध्ये जातो, तिथल्या पास्टरांचं म्हणणं असं की तान्हेपणी कपाळावर पाणी घातलं तो बाप्तिस्माच नव्हे. मुलीने आता समजून-उमजून पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यावा, मग लग्न. पुतणीलाही ते थोडंफार पटलेलं. "काका, मी तेव्हा तीन आठवड्यांची होते. मी कशाला हो म्हटलं होतं?"

मावशीचं उत्तर तयार होतं. "एष्ट सल? ओंद सल साकु!" किती वेळा? एकदा पुरे!

तिच्या रागामागचं कारण मला ठाऊक होतं. ही पोर सातव्या महिन्यात जन्मली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. रात्री पाळकसाहेबांना घरी बोलावलं, घरातल्याच पितळी वाटीत पाणी घेतलं आणि मावशीच्या मांडीवर तिचा बाप्तिस्मा झाला. ती वाटी आजही त्या घरात आहे. आता कोणी म्हणत असेल की त्या रात्री काही घडलंच नाही, तर मावशीने ते कसं ऐकून घ्यावं?

मी काही धर्मशास्त्री नाही, इतिहास शिकवतो. म्हणून त्या रात्री पुतणीला इतिहासच सांगितला. तो आपल्याच मराठी मंडळीचा आहे आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

१८१२ साली अमेरिकेतून काही तरुण मिशनरी कलकत्त्याला आले. सगळे लहान मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचे. त्यांतल्या अॅडोनिराम जडसनला पुढे सेरामपूरच्या विल्यम केरींशी गाठ पडणार हे माहीत होतं. केरी म्हणजे १८०५ साली मराठीचं व्याकरण छापणारे तेच. ते बाप्टिस्ट होते. लहानपणी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झालेला असूनही १७८३ मध्ये त्यांनी नदीत उतरून पुन्हा घेतला होता. त्यांच्याशी वाद घालायची तयारी म्हणून जडसन जहाजावर नवा करार उघडून बसला आणि स्वतःचंच मत बदलून बसला! ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात त्याने बुडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा सोबती ल्यूथर राइस यानेही नोव्हेंबरात तेच केलं. ज्या संस्थेने त्यांना पाठवलं होतं, तिच्याशी संबंध तुटला, पगारही गेला. जडसन ब्रह्मदेशात गेला आणि राइस बाप्टिस्टांचा पाठिंबा मिळवायला अमेरिकेला परतला. ज्यांचं मत बदललं नाही ते गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. तिथून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं आणि पुढे अहमदनगरला गेलं. म्हणजे मराठी मंडळीचा एक मोठा प्रवाह ज्या टोळीतून निघाला, ती इथे पाय ठेवताच याच प्रश्नावर फुटली होती.

पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जडसन चुकला?"

चुकला असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट तिला दाखवली. जडसनच्या लेखी तो दुसरा बाप्तिस्मा नव्हताच, पहिलाच होता. दोनदा घ्यावा असं या वादात कोणीच म्हणत नाही. "एकच बाप्तिस्मा" हे इफिसकरांच्या पत्रातलं वचन दोन्ही बाजूंना मान्य आहे. भांडण आहे ते पहिला मोजायचा की नाही यावर. प्रेषितांच्या कृत्यांत एकोणिसाव्या अध्यायात पौलाने इफिसात सुमारे बारा जणांना पुन्हा बाप्तिस्मा दिला, हा दाखला फेलोशिपवाले नेहमी देतात. पण त्या माणसांचा आधीचा बाप्तिस्मा योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हता. पितळी वाटीतला बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला होता. म्हणून तो दाखला आपल्या पोरीला लागू होत नाही, असं माझं मत.

शब्दांचाही एक घोळ आहे. मराठी पवित्र शास्त्रात मूळ ग्रीक शब्दच 'बाप्तिस्मा' म्हणून आला. कानडीत मात्र 'दीक्षास्नान'. स्नान म्हटलं की तांब्याभर पाणी पुरत नाही, असं आमच्या आईकडच्या एका मामांचं लाडकं म्हणणं होतं. पण बासेल मिशनवाल्या त्याच मामांनी आपली मुलं तान्हेपणीच पाळकांच्या हातात दिली.

कॅथलिक घरात सोयरीक असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे हा संस्कार पुन्हा करता येत नाही, आणि पाण्याने व त्रैक्याच्या नावाने दिलेला प्रॉटेस्टंट बाप्तिस्मा ते मानतात. खरोखरच शंका असेल, तर "आधी झाला नसेल तर" अशा अटीवर देतात. आपल्या भागात गोव्याकडच्या सुना पुष्कळ, म्हणून मुद्दाम लिहितो. लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला शोधून ठेवावा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

उरलेल्या अर्ध्यांसाठी एक वाट नागपुरात निघाली आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बाप्टिस्टही होते आणि अमेरिकन मराठी मिशनचे, इंदूरच्या कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनचे वारसही. तान्ह्याचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही रीती मान्य ठरल्या. ज्याला जी पटेल ती. जडसन आणि हॉल यांच्या वारसांना एका छपराखाली यायला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

एवढं सांगून मी पुतणीला म्हटलं, तुला तुझ्या तोंडाने हो म्हणायचंय ना? मंडळीपुढे उभी राहून साक्ष दे. बुडायचंच असेल तर आधी आजीशी बोल, तिला डावलून नको.

ती बोलली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी स्वयंपाकघरात दार लोटून तासभर बसल्या होत्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. लग्न इंदूरला, मावशीच्याच मंडळीत ठरलं आहे. मुलाने स्वतः पुढाकार घेतला म्हणे. पाण्याचं नंतर पाहू, घाई करायची नाही, असं दोघांनी ठरवलंय. पास्टर थोडे नाराज आहेत, पण लग्नाला येणार आहेत. मावशी मात्र एक दिवसाआड फोन करून कानडीत विचारते, तम्मा, तिकिटं काढलीस का?