विहिरीतलं हरीण जितं वर काढताना

बारामती म्हटलं की ऊस, साखर कारखाना आणि निरेचा डावा कालवा डोळ्यांपुढे येतो. इंदापूर म्हटलं की उजनीचं पाणी. पण या दोन्ही तालुक्यांत कालव्याच्या वरच्या अंगाला दुसराच मुलूख आहे. सुपे, मोरगाव, शिर्सुफळ आणि तिकडे इंदापुरात कडबनवाडी. हा जिरायत पट्टा. वर्षाचा पाऊस बेताचा, तोही लहरी. जमिनीवर वीतभर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. कुसळी गवताचे माळ, मधूनच हिवर, बोर, खैर, बाभूळ, आणि या माळावर चिंकारा.

१९९७ साली सुप्याजवळचं सुमारे ५ चौरस किलोमीटर माळरान चिंकाऱ्यासाठी राखलं गेलं. मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव त्याला मिळालं. मयूरेश्वर अभयारण्य राज्यातल्या लहान अभयारण्यांपैकी एक. पुण्याहून सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. पहाटे गेलात तर चिंकारा दिसतो, लांडग्याचे ठसे दिसतात, नशीब असेल तर खोकडही. अलीकडे शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या गवताळ माळांवर वनखात्याने सफारीही सुरू केली आहे. पण हरणाला हद्द कळत नाही. अभयारण्याचा दगड ओलांडला की लगेच शेत, आणि शेत म्हटलं की विहीर.

हा लेख त्या विहिरींचा, त्यात पडणाऱ्या हरणांचा आणि त्यांना वर काढण्याच्या कसबाचा आहे.

आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण चिंकारा हा कुरंगाच्या कुळातला. सांबर, चितळ यांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. चिंकाऱ्याची जन्मभर टिकतात. नराची वळेदार, मादीची बारीक आणि आखूड. खांद्याशी उंची जेमतेम ६५ सेंटिमीटर, वजन २० किलोच्या आसपास. म्हणजे एका माणसाने उचलावं एवढा जीव. पाणी त्याला फारसं लागत नाही, पाला आणि दव यांवर त्याचं बरंचसं भागतं. मग तो विहिरीशी येतोच कशाला? बहुतेक वेळा तो पाण्यासाठी आलेलाच नसतो. मागे मोकाट कुत्री लागलेली असतात. रात्रीची वेळ, काठावर गुडघाभर गवत, कठडा नाही. जिवाच्या आकांताने उडी घेतो आणि पुढे जमीनच नसते.

पूर्वीही विहिरी होत्याच. पण जुन्या बारवेला पायऱ्या असत. माणसं घागर घेऊन उतरत, त्याच पायऱ्यांनी पडलेलं जनावरही कधी वर येई. मोटेच्या विहिरीला थारोळं, धाव, दगडी बांधकाम असे, आणि मुख्य म्हणजे दिवसभर माणसांचा राबता असे. नाडा कुरकुरत असे, बैल ये-जा करत असत, त्यामुळे आत काय पडलं ते लगेच कळे. आता पंप घरबसल्या मोबाईलवरून सुरू होतो. विहिरीत डोकावायला चार-चार दिवस कोणी फिरकत नाही. वर सिमेंटची रिंग, खाली सुरुंगाने फोडलेल्या खडकाच्या सरळसोट भिंती. खूर टेकायला खाच मिळत नाही. शेततळ्यांचं तर त्याहून अवघड. पाणी मुरू नये म्हणून अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर खूर घसरतात. उतार तिरपा असूनही जनावर वर चढू शकत नाही आणि पोहून पोहून दमतं.

या विहिरी खणणारं यंत्र म्हणजे यारी. उन्हाळ्यात जिरायत गावांतून फिरलात तर कुठे ना कुठे काठावर ती उभी दिसेल. लोखंडी खांब, त्याला फिरता हात, टोकाला कप्पी, खाली डिझेल इंजिन आणि तारेचा दोर गुंडाळणारं पिंप. तोल राहावा म्हणून मागच्या बाजूला दगडांचं ओझं. ट्रॅक्टरला जोडून एका रानातून दुसऱ्या रानात नेता येते. खाली मजूर डब्यात दगड-मुरूम भरतात, इशारा होतो, इंजिन धापा टाकतं, डबा वर येतो, हात बाजूला फिरतो आणि ढिगावर ओततो. या यंत्राने दोन्ही तालुक्यांचा पाताळातला दगड वर आणून ठेवला. काठावर पडलेला तो दगड पाहिला की विहीर किती खोल आहे याचा अंदाज गावातला माणूस न डोकावता बांधतो.

उचलण्याचं शास्त्र साधं आहे. एका कप्पीने फक्त ओढण्याची दिशा बदलते, ओझं तेवढंच राहतं. वर दोन आणि खाली दोन चाकं घालून दोराचे चार पदर केले की घर्षण सोडल्यास ८० किलोला २० किलोची ओढ पुरते. मात्र वजन १ फूट वर यायला दोर ४ फूट ओढावा लागतो. ५० फुटांच्या विहिरीत म्हणजे २०० फूट. नुसत्या हरणासाठी हा खटाटोप लागत नाही. पण हरणासोबत आत उतरलेला माणूसही वर यायचा असतो, आणि त्याच्यासाठी कप्प्या, दुसरा राखीव दोर आणि कमरेचा पट्टा यांना पर्याय नाही.

जगात इतरत्र हरीण उचलायची साधनं दुकानात विकत मिळतात, पण ती वेगळ्या कामाची. अमेरिकेत शिकारीचा परवाना मिळतो, हंगाम ठरलेला असतो. तिथला पांढऱ्या शेपटीचा नर १०० किलोच्याही पुढे जातो. गोळी लागल्यावर जागेवरच पोट फाडून आतडी काढतात. आतली ऊब लवकर निघून गेली नाही तर मांस खराब होतं. मग पिकअप गाडीच्या मागच्या आकड्यात एक घडीचा लोखंडी खांब बसवतात, त्याला हाताचं किंवा बॅटरीवरचं पिंप. मागच्या पायांच्या शिरांमधून आडवी सळई घालून धड उलटं टांगतात. आपल्याकडे खाटीक बोकड सोलताना तसाच आकडा घालतो. माणूस एकटा असला तरी दुप्पट वजनाचं जनावर टांगू शकतो.

आपल्याकडे ही गोष्ट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवली. चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपये. मेलेला चिंकाराही कोणाचा होत नाही, तो सरकारचा. वनखात्याचे लोक पंचनामा करतात, पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करून मृत्यूचं कारण नोंदतात, आणि मग शिंगांसकट धडाचं दहन होतं. काहींना हे फार कडक वाटतं. मला ते योग्य वाटतं. शिंगाच्या एका जोडीला जरी बाजार मिळाला, तरी विहिरीत ‘पडलेल्या’ हरणांची संख्या वाढायला वेळ लागणार नाही.

म्हणून इथे दोर, कप्पी आणि झोळी ही सगळी सामग्री जिवंत हरणासाठी वापरायची. आणि ते काम मेलेलं १०० किलोचं धड टांगण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. धड हिसडा देत नाही. धड घाबरत नाही.

चिंकाऱ्याला मारायला भीती पुरते. पळून, धडपडून, माणसांच्या हातात सापडून त्याच्या स्नायूंवर इतका ताण येतो की ते आतून मोडू लागतात. अंगात आम्ल साठतं, ताप चढतो, मोडलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. पशुवैद्य याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. वाईट गोष्ट ही की हरीण त्या वेळी ठणठणीत दिसतं. लोक टाळ्या वाजवतात, हरीण माळावर पळून जातं आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी झुडपाखाली मरून पडतं. त्याची बातमी कधी येत नाही.

त्यामुळे जाणकार माणूस विहिरीवर आला की आधी दोराला हात लावत नाही, गर्दी हटवतो. गावात बातमी लागली की शंभर माणसं जमतात, मोबाईल वर होतात, पोरं खडे टाकून ‘हलतंय का’ ते बघतात. हे सगळं आधी थांबवावं लागतं. “दादा, मागं सरा. बोलू नका. मोटार बंद करा.” यारी उभी असली तरी तिचं इंजिन सुरू करत नाहीत. त्या धडधडीने हरीण भिंतीवर आपटून घेतं. हरीण पाण्यात असेल तर आधी चार दोरांवर बाज किंवा फुगवलेली टायरची ट्यूब सोडतात, म्हणजे त्याला टेकायला काही मिळतं आणि दम खाता येतो. कोरड्या कपारीवर उभं असेल तर घाई करायचं कारण नाही.

मग एक जण उतरतो. हे काम हौशी पोरांचं नव्हे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत विहिरीच्या रिंगचं काम चालू असताना कडा ढासळली आणि चार मजूर ढिगाऱ्याखाली गेले. एनडीआरएफचे जवान दिवसरात्र खपले, पण चौघांपैकी कोणी वाचलं नाही. या मुलखातली विहीर माणसाला कशी गिळते ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा, डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला दोन वेगळे दोर, आणि ते दोर दोन वेगळ्या जागी बांधलेले. यारीचा तारेचा दोर दगडासाठी असतो, माणसासाठी नाही. जुन्या, बंद विहिरीत आधी हवेची खात्री.

खाली पोचल्यावरची हाताची कामं पाहण्यासारखी असतात. आधी मऊ कापड डोळ्यांवर. अंधार झाला की हरणाची निम्मी धडपड थांबते. नाकपुड्या मात्र उघड्या. नंतर झोळी, ती जाळ्याची नको, कारण जाळ्यात खूर अडकतात आणि त्या काडीसारख्या पायांचं हाड मोडतं. घट्ट विणीचं जाड कापड छातीखालून आणि पोटाखालून घेतात. पाय आवळून बांधायचे नाहीत, शिंग धरून ओढायचं नाही. हरीण रवंथ करणारं, त्यामुळे त्याला कुशीवर किंवा पाठीवर लोळवलं तर पोटात वारा धरतो, आणि पोटातलं वर येऊन श्वासनळीत जाऊ शकतं. म्हणून वर येईपर्यंत छातीवर बसलेलं, मान वर, तोंड किंचित खाली. वरून एकच माणूस हुकूम देतो, “घ्या... आस्ते... थांबा.” दोर झटक्याने नाही, एकसारखा वर येतो. झोळी भिंतीला घासू नये म्हणून खालून एक दोर बाजूला धरलेला असतो.

वर आल्यावर लोकांचा हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. माया असते त्यात, पण दमलेल्या, घाबरलेल्या हरणाच्या तोंडात पाणी ओतणं म्हणजे फुप्फुसात ओतणं. पाहणी करतात, ताप बघतात. जखम नसेल तर तिथेच, माणसं आणि रस्ता पाठीमागे ठेवून, माळाकडे तोंड करून सोडतात. पाय मोडला असेल तर उपचार केंद्र. पुणे भागात वनखात्यासोबत रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था हे काम करतात, आणि बावधनला वन्यजीवांसाठी उपचार केंद्र उभं राहिलं आहे. जुन्नरकडे हेच बिबट्याच्या बाबतीत घडतं. तिथे विहिरीत आधी बाज आणि मग पिंजरा सोडतात, आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रात त्याला नेतात. बिबट्यावर मात्र मोठ्या बातम्या होतात, चिंकारा आतल्या पानावर चार ओळींत येतो, आला तर.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. हरणाला इजा न होता धरायचं ज्ञान या भागात पिढ्यान्‌पिढ्या होतं, फासेपारध्यांकडे. हरीण कुठल्या वाटेने जाईल, कशाने बिचकेल, कशाने थांबेल हे त्यांना तोंडपाठ होतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारधीही त्यातून सुटले नाहीत. शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला गेला, गावांच्या मनातून अजून नाही. बचाव पथकांत या समाजातली तरुण मुलं पगारावर घेतली, तर पथकाचंही भलं होईल आणि त्यांचंही.

बाकी, उत्तम उचल म्हणजे जिची गरजच पडत नाही ती. विहीर खणायला लाखो रुपये लागतात, रोजगार हमीतून त्यासाठी अनुदानही मिळतं. त्या हिशोबात कमरेइतका कठडा फार जड नाही. तो हरणासाठी आहे, तसाच रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या आपल्या माणसासाठी आणि खेळत्या पोरासाठीही आहे. कठडा जमत नसेल तर तोंडावर लोखंडी जाळी टाका, निदान काठावरचं गवत कापून ठेवा. शेततळ्याच्या चारही उतारांवर गाठी मारलेला जाड दोर किंवा टायरची शिडी सोडा. प्लॅस्टिकवर त्याच्याच आधाराने खूर टेकतात. आणि कधी विहिरीत हरीण दिसलंच, तर लोक गोळा करण्याआधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, मोटार बंद ठेवा, आणि पथक येईपर्यंत काठापासून लांब राहा.