संगणक बंद पडला? आधी तहकीक, मग खरेदी

घरातला संगणक बंद पडला की दोन प्रश्न ठरलेले असतात. कोणी बिघडवला? आणि नवा केवढ्याला येईल? गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्ही घाईघाईने देऊन टाकली. दोन्ही चुकीची निघाली. तीच चूक इतर घरांत होऊ नये म्हणून हा अनुभव सविस्तर सांगत आहोत.

आमची आपा दोन मुलांसह माहेरी राहते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, अर्ज असे टायपिंगचे काम ती घरबसल्या करते. मुलांची फी त्यातूनच निघते. तिचा सात वर्षे जुना डेस्कटॉप चालता चालता बंद पडू लागला. पडद्यावर काही सूचना नाही, काही नाही. लाइट जावी तसा एकदम अंधार. आणि हे बहुतेक वेळा तिचा मुलगा गेम खेळत असतानाच घडायचे. मग काय, 'यानेच काहीतरी करून ठेवले' हे सर्वांनी ठरवून टाकले. पोरगा रडून सांगत होता, पण कोणी ऐकले नाही. गेम बंद झाले.

पंधरा दिवसांनी आपा प्रश्नपत्रिका टाइप करत असतानाही संगणक बंद पडला. पुढे सकाळी तो सुरू करायला बटण तीन-चार वेळा दाबावे लागू लागले. शेवटी कॅबिनेट दुकानात नेले. तिथल्या कारागिराने पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, सोडवला. त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडून पाहिली. पंखा फिरला. "सप्लाय ठीक आहे. मदरबोर्ड गेलाय. या जुन्या मॉडेलचा बोर्ड आता मिळणार नाही, नवीनच घ्या," असे त्याने सांगितले. खर्च तीस हजार. अब्बा म्हणाले, उमऱ्यासाठी ठेवलेल्या रकमेतून द्या. अम्मी काहीच बोलली नाही.

जुम्याच्या नमाजनंतर आमचा चुलतभाऊ घरी आला. तो आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकला आहे. त्याने सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले, "बंद पडतो तो नेमका कधी?" आम्ही सांगितले, गेम खेळताना. तो म्हणाला, "मग हा पोराचा गुन्हा नाही, मशीनची तक्रार आहे. ती तुम्ही ऐकलीच नाही."

सप्लाय काय करतो?

घरातली वीज २३० व्होल्टची असते. संगणकाच्या आतले भाग मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढ्या कमी दाबाच्या डीसी विजेवर चालतात. हे रूपांतर एसएमपीएस करतो. वीज योग्य दाबाने मिळू लागली की तो ग्रे तारेतून मदरबोर्डला 'सर्व ठीक' असा इशारा देतो. इशारा मिळाल्यावरच संगणक सुरू होतो. काम करताना दाब फार खाली गेला तर इशारा तुटतो आणि संगणक त्याच क्षणी बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो.

टायपिंगला वीज कमी लागते, गेमला बरीच जास्त. म्हणून अशक्त झालेला सप्लाय आधी गेमच्या वेळी मान टाकतो. आत गोल डब्यांसारखे कपॅसिटर असतात. उष्णता आणि वय यांमुळे ते हळूहळू सुकतात. सकाळी बटण पुन्हा पुन्हा दाबावे लागणे हेही त्यांचेच लक्षण असू शकते. ज्या गोष्टीवरून आम्ही पोराला दोषी ठरवले, तोच खऱ्या दोषाचा पुरावा होता.

तपासणीचा क्रम

चुलतभावाने एकदम सप्लायवर बोट ठेवले नाही. त्याने एकेक शक्यता बाजूला काढली. हाच क्रम घरोघरी उपयोगी पडेल.

१. आधी भिंत पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस बाजूला ठेवून संगणक थेट दुसऱ्या सॉकेटला लावा. पॉवर केबल बदला. सैल सॉकेट किंवा यूपीएसची संपलेली बॅटरी यांमुळेही हेच होते.

२. मग उष्णता. प्रोसेसर फार तापला तरी संगणक स्वतःला बंद करतो. वीज काढून कॅबिनेट उघडा, धूळ साफ करा. सुरू केल्यावर प्रोसेसरचा पंखा फिरतो का ते पाहा. बायोसमध्ये तापमान दिसते. तापमान नेहमीसारखे असूनही संगणक बंद पडत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

३. भार कमी करा. वीज काढून डीव्हीडी ड्राइव्ह, जादा हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, प्रिंटर यांच्या तारा काढा. रॅमची एकच पट्टी ठेवा, तीही पुसून घट्ट बसवा. एवढ्याने संगणक टिकून चालू लागला, तर रॅम, काढलेला एखादा भाग किंवा सप्लाय यांवर संशय जातो. एकेक भाग परत लावून पाहिला की दोष कुठे आहे ते उमगते.

४. विंडोजच्या नोंदीवर विसंबू नका. तिथे 'कर्नल पॉवर ४१' असे दिसते. त्याचा अर्थ एवढाच की संगणक नीट बंद न होता बंद पडला. का पडला, ते त्यात नसते.

५. मल्टिमीटर. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. पिवळ्या आणि काळ्या तारेमध्ये १२ व्होल्ट असायला हवेत. पाच टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे ११.४० ते १२.६०. लाल तारेवर ४.७५ ते ५.२५. मात्र माप संगणकावर भार असताना घ्यायचे. आमच्याकडे संगणक नुसता चालू असताना पिवळ्या तारेवर ११.९ व्होल्ट होते. भाच्याला बोलावून गेम सुरू करायला सांगितले. आकडा ११.१ वर आला आणि पडदा काळा झाला. खोलीत कोणी काही बोलले नाही.

६. शेवटची आणि सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे दुसरा चांगला सप्लाय लावून पाहणे. चुलतभावाने मित्राकडून एक उसना आणला. संगणक पहिल्याच बटणाला सुरू झाला आणि मगरिबपासून इशापर्यंत गेम चालू ठेवूनही बंद पडला नाही. मदरबोर्ड शाबूत होता.

मग दुकानातली परीक्षा का चुकली? हिरवी तार काळ्याला जोडली की सप्लाय सुरू होतो आणि पंखा फिरतो, हे खरे. पण पंख्याला वीज लागते ती नाममात्र. त्यावरून सप्लाय अगदीच मेलेला नाही एवढेच कळते. भार पेलण्याची ताकद त्यात उरली आहे की नाही, ते कळत नाही.

हे मात्र करू नका

सप्लायचा डबा घरी कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत वीज साठते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकते. तो जीवाशी खेळ आहे. जळका वास आला, ठिणगी उडाली किंवा फटाका फुटल्यासारखा आवाज झाला, तर पुन्हा सुरू करून पाहू नका. भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढा. जुन्या सप्लायच्या मागे ११५ आणि २३० असे लाल बटण असते. ते आपल्याकडे २३० वरच हवे. मुलांच्या हातून ते सरकले तर सप्लाय क्षणात जळू शकतो.

नवा सप्लाय घेताना डब्यावरच्या मोठ्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. त्याला १२ ने गुणले की खरी ताकद कळते. १६ अँपिअर असतील तर १९२ वॉट, मग डब्यावर ४५० का छापलेले असेना. तारा सप्लायपासून वेगळ्या होणाऱ्या प्रकारचा असेल तर जुन्या सप्लायच्या तारा नव्याला लावू नका. टोके सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि संगणक जळू शकतो.

आमचे काम अडीच हजारांत झाले. उमऱ्याची रक्कम जागच्या जागी राहिली, अलहम्दुलिल्लाह. आपाच्या प्रश्नपत्रिका वेळेवर शाळेत पोहोचल्या.

दोन कामे उरली होती. त्या दुकानात जाऊन आम्ही काय आढळले ते सांगितले. फसवणुकीचा आरोप केला नाही, कारण ती फसवणूक नव्हती, अर्धवट तपासणी होती. कारागिराने नीट ऐकून घेतले आणि पुढे भार देऊनच पाहीन असे म्हणाला. लोकांची वस्तू त्याच्याकडे अमानत असते, हे त्यालाही ठाऊक होते.

दुसरे काम जास्त कठीण होते. फिजूलखर्ची टाळा, बदगुमानी करू नका, असे आपण मुलांना रोज सांगतो. इथे एकाच संगणकापायी आम्ही दोन्हीच्या काठावर जाऊन पोहोचलो होतो. तीस हजार वाचले, पण पोराचे ते पंधरा दिवस परत येणार नव्हते. अब्बांनी त्याला जवळ बोलावले आणि सर्वांसमोर सांगितले, "बेटा, चूक आमची होती." त्याने मान हलवली आणि विचारले, "मग आता खेळू का?" अब्बा म्हणाले, "आधी होमवर्क."