तिथि पाळणारा कृमि

दोन महिन्यांपूर्वीं संकष्टी चतुर्थीस आमच्या घरांतील वडील मंडळी नेहमींप्रमाणें गच्चीवर चंद्रोदयाची वाट पाहत बसली होती. बोलतां बोलतां विषय निघाला तो आमच्या थोरल्या पुतण्याच्या मुलीचा. ती प्राणिशास्त्राची पदवीधर असून पुढील अध्ययनासाठीं तिनें समुद्रांतील कृमींचा विषय निवडला आहे. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, या घरांत तीन पिढ्या शिकवण्यांत गेल्या. आतां या पोरीनें किड्यांत डोकें घालावें, हें तुम्हांला पटतें का?" मला तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर माझ्याहि मनांत तोच प्रश्न होता. छत्तीस वर्षें मीं विद्यार्थ्यांस संस्कृत शिकविलें; तेवढ्या अवधींत 'कृमि' हा शब्द क्षुद्रतेचें उदाहरण म्हणून किती वेळां उच्चारला असेल, याची गणती नाहीं.

नात शांतपणें म्हणाली, "आजोबा, आधीं माझ्या कृमीची हकीकत ऐका, मग काय तें ठरवा." पुढें आठ दिवस तिनें मजजवळ बसून जें समजावून सांगितलें व वाचून दाखविलें, त्याचें सार वाचकांपुढें ठेवीत आहें.

या कृमीचें शास्त्रीय नांव 'प्लॅटिनेरीस ड्युमेरिली' असें आहे. नांव ऐकून दचकण्याचें कारण नाहीं. त्यांतील 'प्लॅटिस' हा ग्रीक शब्द म्हणजे आपल्या 'पृथु' शब्दाचा सख्खा भाऊ. अर्थ रुंद, विस्तीर्ण. 'नेरीस' म्हणजे ग्रीक पुराणांतील सागरवृद्ध नेरेऊस याची कन्या, अर्थात् जलदेवता. येथें आपल्या 'नीर' शब्दाची आठवण होऊन मोह पडतो खरा. परंतु नुसतें ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, म्हणून मी तो मोह आवरतों. 'ड्युमेरिली' हा अंश ड्युमेरिल नांवाच्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ जोडलेला आहे. ओदुअँ व मिल्न-एड्वर्ड्स या दोघां फ्रेंच पंडितांनीं एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत या प्राण्याचें प्रथम वर्णन केलें. ज्याला आपण तुच्छ म्हणून झिडकारतों, त्यास त्या लोकांनीं जलदेवतेचें नांव दिलें, हा पहिला धडा.

हा कृमि भूमध्यसमुद्रांत व युरोपच्या पश्चिम किनाऱ्यास उथळ पाण्यांत राहतो. इटलींतील नेपल्सचें आखात हें त्याचें प्रसिद्ध माहेरघर होय. तेथेंच आंतोन डोर्न नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १८७२ मध्यें समुद्रजीवांच्या अभ्यासासाठीं एक संस्था उभारली. देशोदेशींच्या संशोधकांनीं येऊन तेथें काम करावें, अशी तिची योजना होती, आणि ती संस्था आजहि चालू आहे. किनाऱ्यालगतच्या खडकांवर व समुद्रतृणांमध्यें शेवाळाचें जें रान माजलेलें असतें, त्यांत आमचा कृमि घर बांधतो. 'बांधतो' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाहीं. त्याच्या पायांत सूत काढणाऱ्या ग्रंथि असतात. त्या रेशमासारख्या सुताची तो नळी विणतो व तींत राहतो. भूक लागली म्हणजे नळींतून अर्धा बाहेर येऊन शेवाळ कुरतडतो आणि धोका दिसतांच क्षणांत आंत जातो. प्रयोगशाळांतून पाळलेल्या या कृमींना पालकाची भाजी घालतात, हें ऐकून आमच्या माजघरांत बरीच करमणूक झाली.

आतां त्याची शरीररचना पाहूं. पूर्ण वाढलेला कृमि दोन-चार बोटांच्या पेरांइतका लांब, म्हणजे तीन ते सहा सेंटीमीटर भरतो. शरीर एकापुढें एक अशा सुमारें सत्तर वलयांचें असतें. जपमाळेंतील मण्यांप्रमाणें प्रत्येक वलय दुसऱ्यासारखें. आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंस एकेक मांसल पाय. पाय कसला, वल्हेंच तें! त्याच्या दोन शाखा असून प्रत्येकींतून ताठ केसांचा झुबका बाहेर आलेला असतो. यावरूनच या वर्गास केसाळ किंवा शूककृमि म्हणतां येईल. मस्तकावर दोन लहान शृंगिका, दोन जाड स्पर्शक, बाजूंस लांब स्पर्शतंतूंच्या चार जोड्या आणि वर चार डोळे असा थाट असतो. तोंडाच्या आंत मागें घेतां येईल असा घसा असतो. खातांना तो उलटा होऊन बाहेर येतो आणि त्याच्या टोकाशीं दोन काळसर वक्र जबडे दिसतात. अन्ननलिका तोंडापासून शेंपटापर्यंत सरळ जाते. तिच्या वरच्या अंगास असलेल्या मोठ्या वाहिनींतून रक्त पुढें वाहतें व खालच्या वाहिनींतून मागें जातें. तें रक्त आपल्यासारखेंच लाल. भेद इतकाच कीं, आपल्या रक्तांतील लाल द्रव्य पेशींत कोंडलेलें असतें, याचें रक्तद्रवांत विरघळलेलें असतें. आपला मज्जारज्जु पाठीशीं, तर याची मज्जातंतूंची दोरी पोटाशीं. वाढ होते ती शेंपटाच्या किंचित् अलीकडे. तेथें नवीं नवीं वलयें तयार होतात. शेंपूट तुटलें तरी तें पुन्हा येतें.

त्याच्या केसांची गोष्ट मात्र विशेष सांगण्याजोगी आहे. प्रत्येक केस हा एकाच पेशीची कृति असतो. त्या पेशीच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म अंकुर असतात; ते पुढें-मागें होत असतां त्यांच्याभोंवतीं कायटिन नांवाचें कठीण द्रव्य जमत जातें आणि अंकुरांच्या हालचालीप्रमाणें केसास दांते, सांधे व टोंक हे आकार येतात. खेकड्याचें कवच ज्या द्रव्याचें बनतें, तेंच हें द्रव्य. कुंभार चाकावर बाहेरून हात लावून मडकें घडवितो. येथें घडविणारा आंत बसून घडवितो. व्हिएन्ना येथील संशोधकांनीं हें काम इ. स. २०२४ मध्यें प्रसिद्ध केलें.

याहून महत्त्वाचा विषय डोळ्यांचा. डार्विननें इ. स. १८५९ मध्यें आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला, तेव्हां डोळ्यासारखें परिपूर्ण इंद्रिय क्रमाक्रमानें कसें घडलें असेल, हीच आपल्या सिद्धांतापुढील एक मोठी अडचण आहे असें त्यानें स्वतःच मान्य केलें, आणि अगदीं साध्या डोळ्यापासून आरंभ झाला असावा असें उत्तर दिलें. असा साधा डोळा या कृमीच्या डिंभापाशीं आहे. अंडें मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढें. फलन झाल्यापासून एका दिवसाच्या आंत त्यांतून भोंवऱ्यासारखा फिरत पोहणारा डिंभ तयार होतो. त्याचा एकेक डोळा अवघ्या दोन पेशींचा असतो: एक प्रकाश जाणणारी, दुसरी रंगद्रव्यानें तिच्यावर सावली धरणारी. जाणणारी पेशी मेंदूला विचारावयास जात नाहीं; तिचा तंतु थेट पोहण्याच्या केसाळ पेशींपर्यंत पोंचतो व त्या बाजूची गति मंद करतो. त्यामुळें गिरक्या घेणारा डिंभ आपोआप प्रकाशाकडे वळतो. गास्पार येकेली व त्याच्या सहकाऱ्यांनीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें केलेलें हें संशोधन इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच्याआधीं, इ. स. २००४ मध्यें, त्याच गांवच्या डेटलेफ आरेंट व त्याच्या सहकाऱ्यांनीं याच कृमीच्या मेंदूंत अशा प्रकाशग्राही पेशी दाखविल्या, कीं ज्यांची ठेवण मनुष्याच्या नेत्रपटलांतील पेशींसारखी आहे. म्हणजे आपल्या दृष्टीचें कुळ शोधीत गेल्यास त्या वंशवृक्षावर कोठें तरी या कृमीच्या पूर्वजाशीं आपली गांठ पडते. गोत्र-प्रवर सांगणाऱ्या आपणांस हें नातें ऐकून प्रथम अवघडल्यासारखें होतें, मलाहि झालें.

आतां शेवटचा व मला सर्वांत विस्मयकारक वाटलेला भाग. हा कृमि कांहीं महिने, क्वचित् वर्षाहून अधिक काळ, आपल्या नळींत काढतो. मग एके दिवशीं तो अन्न वर्ज्य करतो. आंतडें झिजतें, डोळे मोठे होतात, पायांचीं रुंद वल्हीं बनतात आणि जुने केस गळून पोहण्यास योग्य असे चपटे केस येतात. नराचा पुढील भाग पांढरा व मागील तांबडा दिसतो. मादी अंड्यांनीं भरून पिवळी होते. मग रात्रीं ते नळ्या सोडून पृष्ठभागाकडे येतात, एकमेकांभोंवतीं वेगानें वर्तुळें काढतात, अंडीं व रेत पाण्यांत सोडतात आणि लवकरच मरतात. संतति पाण्याच्या स्वाधीन करून देह ठेवणें, एवढेंच त्यांचें अखेरचें कर्तव्य.

परंतु हजारों कृमींना एकच रात्र कशी सांपडते? जोडीदार चुकला तर जन्म फुकट जाणार. उत्तर असें कीं, ते चंद्रावरून तिथि ओळखतात. कार्ल हाउएनशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञानें १९५० च्या दशकांत हे कृमि प्रयोगशाळेंत पिढ्यान्‌पिढ्या पाळले आणि महिन्यांतून कांहीं रात्रीं मंद दिवा लावून, चांदण्याच्या त्या नकलेवरूनच त्यांचा मासिक क्रम ठरतो हें सिद्ध केलें. चंद्र नव्हे, दिवा. तरी कृमि फसले! व्हिएन्नाच्या क्रिस्टिन टेस्मार-राइब्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. २०२२ मध्यें आणखी खोलांत जाऊन दाखविलें कीं, त्यांच्या शरीरांतील एक प्रथिन सूर्यप्रकाश व चांदणें यांत भेद करतें, तर डोळ्यांतील दुसरें चंद्रोदयाची वर्दी देतें. केवळ दिवसच नव्हे, तर मीलनाची घटकासुद्धां ते रात्रीच्या अत्यंत काळोख्या भागांतली निवडतात. कृष्णपक्षांत सूर्यास्त झाला आहे व चंद्र अद्याप उगवावयाचा आहे, असा जो अवकाश, तो अशा काळोखाचा.

हें वाचतांना मला आमची गच्ची आठवली. त्याच अवकाशांत आम्हीं सर्वांनीं पंचांग हातांत घेऊन चंद्राची वाट पाहिली होती, आणि ज्याला मी क्षुद्र म्हणत होतों, तो पंचांगावांचून तीच घटका पाळीत होता. त्याबरोबर एक काळजीहि मनांत आली. प्रयोगशाळेंतील एका मंद दिव्यानें ज्याची तिथि बदलते, त्याच्या किनाऱ्यावर रात्रभर जळणाऱ्या हजारों दिव्यांनीं काय होत असेल? असले प्रश्न कोणी तरी विचारावयास हवेत, आणि ते विचारण्यास किड्यांत डोकें घालणारीं माणसेंच लागतील.

पुढील संकष्टीस मीं हें सर्व वहिनींना सांगितलें. त्यांनीं मध्यें एकदांहि अडविलें नाहीं. चंद्र वर आला, अर्घ्य झालें. मग त्यांनीं नातीला हाक मारून विचारलें, "कां ग, तुझ्या त्या किड्यांच्या गांवीं आतां चंद्र उगवला असेल का?" ती म्हणाली, "नाहीं आजी, तेथें अजून दिवेलागणहि झाली नसेल. चंद्र उगवायला बराच अवकाश आहे." वहिनी थोडा वेळ पश्चिमेकडे पाहत राहिल्या व म्हणाल्या, "मग त्यांची वेळ अजून व्हावयाची आहे तर." पोरीच्या शिक्षणाविषयीं त्या स्पष्ट कांहींच बोलल्या नाहींत. मात्र दुसऱ्या दिवशीं तिच्या प्रवेशशुल्काची रक्कम त्यांनीं आपल्या पेटींतून काढून माझ्या हातीं ठेवली.