वाऱ्याच्या काठावरून

महाराष्ट्रात पतंग म्हटला की संक्रांत आठवते. बंगळूर परिसरात मात्र पतंगाचा मोसम आषाढात येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे पठारावरून जोराने वाहू लागले की तेथील गच्च्यांवरून आणि मैदानांतून ‘गाळिपट’ चढू लागतात. हा कागदी पतंग फार ओढू लागला, तर ढील देता येते. मांजा तुटला, तर पतंग जातो, एवढेच. समुद्रावर फळीस्वाराला ओढणाऱ्या पतंगाची गोष्ट निराळी आहे. तो स्वाराच्या कमरेच्या पट्ट्याला जोडलेला असतो आणि त्याच्या दोऱ्या तुटण्यासाठी केलेल्या नसतात.

ब्रूनो आणि दोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच बंधूंनी 1984 मध्ये हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे एकस्व नोंदविले. पाण्यात पडल्यावरही पुन्हा उठणारा हा पतंग या खेळाचा पाया ठरला. त्याचे क्षेत्रफळ बहुधा 9 ते 12 चौरस मीटर असते. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणूनच पतंग उभारण्याचा क्षण सर्वांत धोक्याचा होय.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता समोर पोकळ घुमटाचा एक भाग आहे, अशी कल्पना करावी. पतंग याच घुमटावर फिरतो. घुमटाच्या ऐन मध्यात ओढ सर्वाधिक, तर काठांवर सर्वांत कमी असते. मुले पतंग नेहमी समोरून, म्हणजे मध्यातून चढवितात. मोठा पतंग तसा चढविल्यास स्वार वाळूवरून फरफटत जातो. तो काठावरूनच उभारला पाहिजे.

गोव्यातील मोरजीचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. उन्हाळ्यात दुपारी तेथे वायव्येकडून खारे वारे येतात. अशा वेळी मदतनीस पतंग घेऊन पाण्याच्या बाजूस, घुमटाच्या काठावर उभा राहतो. त्यापूर्वी दोऱ्यांत पीळ वा अदलाबदल नाही, हे तपासलेले असते. कापड फडफडत असेल, तर स्वाराने वाऱ्याच्या उगमाच्या दिशेने थोडे सरकावे. ओढ जास्त वाटल्यास उलट दिशेने. कापड ताठ झाल्यावरच सोडण्याची खूण करावी. पतंग सावकाश वर आणावा. परंतु जमिनीवर असताना तो डोक्यावर धरून ठेवू नये, कारण वाऱ्याचा एक झोत माणसाला उचलू शकतो. तो पाण्याच्या बाजूस खालीच ठेवून स्वाराने समुद्रात उतरावे.

वाऱ्याच्या पुढच्या बाजूस झाडे, खांब वा माणसे नसावीत. पतंगाची ओढ तत्काळ तोडणारी कळ कोठे आहे, हे हाताला न पाहता ठाऊक असावे. इतके करूनही वारा झोताझोताने येत असेल, तर पतंग वाळूवरच राहू द्यावा.