लाल वही

डोणगावच्या बाजारपेठेतील आमच्या किराणा दुकानात वडिलांच्या गादीशेजारी एक लाल वही नेहमी असे. दिसायला ती इतर खतावण्यांसारखीच होती. परंतु तिच्यात कुणाची उधारी नव्हती, की कुणाचे येणे नव्हते. तिच्यात विदर्भ संघाचे रणजी करंडकाचे सामने नोंदलेले होते. विजय जमा बाजूला, पराभव नावे बाजूला. आणि सामना अनिर्णित राहिला, तर ‘शिल्लक पुढे’.

विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामात प्रथम रणजीच्या मैदानावर उतरला. पुढील कित्येक वर्षे वहीची नावे बाजूच भरत राहिली. वर्तमानपत्रात मोठे मथळे मुंबईचे असत. विदर्भाची धावसंख्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत. वडील चष्मा पुसून आधी तीच शोधत.

शाळकरी वयात मला या वहीची लाज वाटे. माझे सारे मित्र मुंबईच्या बाजूचे, आणि मीही. गावसकर, वेंगसरकर ही नावे आमच्या ओठांवर असत. एकदा धीर करून विचारले, “बाबा, जो संघ जिंकतच नाही, त्याच्यामागे जन्म का घालवायचा?”

वडिलांनी तराजू खाली ठेवला. “ज्या वर्षी पीक बुडाले, त्या वर्षी आपण कोणत्या शेतकऱ्याचे खाते बंद केले का? माणसे आपली म्हटली, की त्यांचे रिकामे हातही आपलेच.” पुन्हा मी विचारले नाही, पण मुंबईही सोडली नाही.

खापरखेड्याच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळला. हा मान मिळवणारा तो विदर्भाचा पहिला खेळाडू. वडिलांनी त्यासाठी वहीचे एक स्वतंत्र पान राखले.

मग २०१७-१८ चा हंगाम आला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कर्णधार फैज फझल आणि मुंबईहून आलेले वसीम जाफर. आदल्या हंगामात जाफर दुखापतीमुळे खेळू शकले नव्हते, तरी संघटनेने त्यांचे मानधन दिले होते. ते ऋण मानून या हंगामात ते मोबदल्याविना खेळले. ही हकीकत कळली, तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “याला व्यवहार कळतो.”

कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी विजय मिळाला. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक साधली, अक्षय वाडकरने शतक झळकावले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गडी राखून विजेता ठरला. साठ वर्षांची प्रतीक्षा संपली. वडिलांनी वहीत तारीख लिहिली, पुढे ‘जमा’ लिहिले आणि संध्याकाळी दुकानात आलेल्या प्रत्येक मुलाच्या तळहातावर खडीसाखर ठेवली. दुसऱ्या वर्षी सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून संघाने करंडक राखला. ती नोंद वडिलांच्या हातची शेवटची. त्यानंतर वही माझ्याकडे आली.

मार्च २०२४. वानखेडे मैदानावर अंतिम सामना. समोर माझ्या बालपणीची मुंबई. विजयासाठी ५३८ धावा हव्या होत्या. एवढे लक्ष्य कोण गाठणार? तरीही कर्णधार वाडकर शतक ठोकून झुंजला, तरुण हर्ष दुबेने त्याला साथ दिली. अखेर सारा संघ ३६८ धावांत बाद झाला आणि १६९ धावांनी पराभव झाला. मुंबई जिंकली होती आणि मला आनंद होत नव्हता.

रात्री वही उघडली. वडील गेल्यानंतर नोंदी मी केवळ कर्तव्य म्हणून करीत आलो होतो. त्या रात्री मात्र नावे बाजूला लेखणी टेकवताना हात अडला. हे पान कोरे ठेवावे, असा मोह झाला. विचारणारे आता कोण होते? पण खोट दडवणारी वही वही राहत नाही, हे याच गादीवर शिकलो होतो. पराभव पूर्ण आकड्यांसह लिहिला. त्या क्षणी हा संघ माझा झाला.

पुढच्याच वर्षी, २ मार्च २०२५ रोजी, नागपूरला केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. त्याच हर्ष दुबेने हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम केला होता. इंदूरला दिल्लीकडून आपल्याविरुद्ध शतक काढणारा ध्रुव शोरी आता आपल्या संघात होता.

त्या संध्याकाळी पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीचा दूरध्वनी आला. “बाबा, वहीत लिहिलं का? यंदाची नोंद मी येऊन करू?”

मी होकार दिला. दिवाळीला ती घरी येईल, तेव्हा लेखणी तिच्या हाती देईन. परंतु त्याआधी २०२४ चे पान तिला वाचायला लावणार आहे.