हरेगावची वाट

सप्टेंबर उजाडला की पिंपरी, भोसरी, चाकणमधल्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत एकच विषय असतो: हरेगावला कधी निघायचं? कंपनीत शनिवारची रजा टाकायची, नाहीतर मित्राबरोबर शिफ्ट बदलून घ्यायची. चार घरं मिळून जीप ठरवतात. बाया दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतात. गाडी चाकण, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर करत श्रीरामपूरच्या बाजूला वळते.

8 सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन. त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी हरेगावात मतमाउलीची, म्हणजे मारियेची, यात्रा भरते. जेझुइट धर्मगुरू फादर जेराल्ड बाडर यांनी ती 1949 मध्ये सुरू केली. तेव्हा गाव बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यावर चालायचं. तो कारखाना कधीच बंद पडला. यात्रा मात्र वाढत गेली.

आधी नऊ दिवसांची नोव्हेना, म्हणजे प्रार्थना, होते. यात्रेच्या दिवशी चर्चभोवतीच्या मोकळ्या जागेत पालं पडतात. म्हातारी माणसं अजून नऊवारीत आणि पांढऱ्या टोपीत दिसतात, नातवंडं जीन्समध्ये. मूर्तीपुढची रांग पाहत उभं राहिलं, की नवसाची पद्धत आपोआप समजते. आधी मेणबत्ती लावायची, मग हार नाहीतर नारळ द्यायचा, हात जोडून मागणं मागायचं आणि मागे न रेंगाळता पुढे सरकायचं. पोराला नोकरी लागू दे, सुनेला मूल होऊ दे, हेच मागणं जास्त ऐकू येतं. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहतात. इथला थाट मात्र गावच्या जत्रेचा आहे. मराठीत मिस्सा होते, रात्री ढोलकी-टाळावर भजनं रंगतात, बाहेर खेळणी, बांगड्या आणि भेळेच्या गाड्या.

एरवी शहरात हीच माणसं कामाच्या पाळ्यांत विखुरलेली असतात. इथे मात्र मावशी, मामा, सोयरे भेटतात, लग्नाच्या गोष्टी निघतात, गावाकडच्या जमिनीची चौकशी होते. रविवारी संध्याकाळी परतीची घाई सुरू होते, कारण सोमवारी पहिल्या पाळीचा भोंगा कुणासाठी थांबत नाही.

नगरी ख्रिस्ती माणूस समजून घ्यायचा असेल, तर त्याचा नाताळ पाहून भागणार नाही. त्याची यात्रा पाहायला हवी, कारण तिथे तो जितका ख्रिस्ती असतो, तितकाच या मातीतला वारकऱ्यांचा शेजारी असतो.