जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके का उसळतात? बदल केलेल्या मोटारींचे निदान

बेंगळुरू : येथील जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची आणि सजावटीच्या सामानाची दुकाने ओळीने लागली आहेत. मोठ्या व्यासाची अलॉय चाके, रुंद टायर, गाडी बुटकी करणाऱ्या आखूड स्प्रिंग असे सामान हौशी मालक घेतात आणि गाडीवर चढवतात. त्यांपैकी काहींची तक्रार पुढे ठरावीक असते. एरवी गाडी उत्तम चालते. मात्र समोर अचानक हंप दिसला आणि जोरात ब्रेक मारला, की मागून धडधड ऐकू येते, मागचा भाग थरथरतो आणि क्षणभर गाडी बाजूला सरकल्यासारखी वाटते. खड़खडाट ब्रेक मारताना होतो, म्हणून दोष ब्रेकचा, असे समजून बहुतेक जण आधी नवे ब्रेक पॅड विकत घेतात. हा खर्च अनेकदा वाया जातो. कारण मूळ बिघाड पुष्कळदा ब्रेकमध्ये नसून, गाडीची उंची किंवा स्प्रिंग बदलताना जे समीकरण बिघडले त्यात असतो.

या प्रकारात मागचे चाक रस्त्यावर घट्ट टेकून न राहता सेकंदाला अनेक वेळा उसळते आणि आदळते. चाक हवेत असते तेवढा वेळ ते गाडीला थांबवत नाही आणि सरळही ठेवत नाही. यांतील दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळत नाही, पण साधारण सरळ पुढे जाते. मागच्या चाकांची सुटली तर ती स्वतःभोवती फिरू लागते. ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर तिला सावरायला सामान्य चालकाला वेळच मिळत नाही.

ब्रेक मारताना वजन पुढे झुकते, हे सर्वांना ठाऊक असते. किती झुकते याचा अंदाज मात्र क्वचितच असतो. समजा, गाडीचे वजन १,००० किलो आहे, त्यातील ६०० किलो पुढच्या आणि ४०० किलो मागच्या चाकांवर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने ब्रेक लागला, तर सुमारे १६० किलो भार मागून पुढे जातो. मागच्या दोन्ही चाकांवर मिळून उरतो २४० किलो. इतक्या हलक्या झालेल्या चाकांकडून पूर्वीइतकेच ब्रेकचे काम मागितले, तर ती बंद पडतात किंवा उसळू लागतात.

म्हणूनच कारखान्यातून निघणाऱ्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब मोजून-मापून दिलेला असतो. काही जुन्या गाड्यांत, विशेषतः मालवाहू प्रकारांत, त्यासाठी एक झडप असते आणि तिचा दांडा मागच्या एक्सलला जोडलेला असतो. सामान भरल्यावर गाडी खाली बसते, दांडा हलतो आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. अशा गाडीची उंची मुद्दाम कमी केली, तर रिकामी गाडीही झडपेला भरलेली वाटते. मागच्या चाकांना नको इतका ब्रेक लागतो. दोष कुठेही दिसत नाही, गळती नसते, सर्व भाग नवे असतात. फक्त दांड्याची जुळणी नव्या उंचीनुसार केलेली नसते.

निदानाची सुरुवात थरथरीचा ताल ओळखण्यापासून करावी. उसळणाऱ्या चाकाची नैसर्गिक कंपने सामान्यतः सेकंदाला १० ते १५ असतात आणि गाडीचा वेग कमी झाला तरी हा ताल फारसा बदलत नाही. वाकडी झालेली डिस्क किंवा गोलाई गेलेला ड्रम यांची थरथर चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे ९ फेऱ्या घेते, ३० किलोमीटरला जेमतेम साडेचार. त्यामुळे गाडी मंदावत असताना धडधडही मंदावत गेली, तर दोष डिस्क-ड्रमकडे. अशी थरथर हलक्या ब्रेकलाही पेडलवर जाणवते; चाकाची उसळी बहुधा जोराच्या ब्रेकलाच प्रकट होते. एबीएस असलेल्या गाडीत पेडलला बसणारे बारीक धक्के म्हणजे ती यंत्रणा काम करत असल्याची खूण असते, बिघाडाची नव्हे.

रस्ताही साक्ष देतो. बंद पडलेले चाक टायरची सलग काळी रेघ उमटवते. उसळणारे चाक तुटक, ठिपक्यांसारखी. बंदिस्त, मोकळ्या आणि वाहतूक नसलेल्या जागेत ताशी ४० किलोमीटरच्या आसपास चाचणी घेऊन, सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या सहकाऱ्याने मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण केले, तर उरलेली शंका मिटते. नंदी टेकडीचा घाट किंवा म्हैसूर महामार्ग ही अशा प्रयोगाची जागा नव्हे.

मागील चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीत आणखी एक चाचणी बिनखर्चाची आहे. तोच ब्रेक क्लच पूर्ण दाबून मारावा. उसळी नाहीशी झाली, तर कारण ब्रेक नसून घाईने खालचा गिअर टाकल्यामुळे इंजिनाने चाकांना दिलेला अडसर आहे. तेथे दुरुस्ती गाडीची नव्हे, चालवण्याच्या सवयीची करावी लागते.

एवढे झाल्यावर गाडी लिफ्टवर घ्यावी. बुटक्या केलेल्या गाड्यांत प्रथम संशय घ्यावा तो कापलेल्या स्प्रिंगचा. स्प्रिंगचे दोन वेढे कापून गाडी खाली बसवण्याचा उपाय स्वस्त आहे, म्हणून लोकप्रिय आहे. पण वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते आणि लांबीही घटते. चाके हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने हलली, तर ती चाकाला रस्त्यावर दाबून ठेवू शकत नाही. गाडी उभी असतानाचे आणि चाक लोंबकळत असतानाचे मडगार्ड ते चाकाचा मध्य हे अंतर मोजावे. दोहोंतील फरक म्हणजे चाकाला खाली जाण्यासाठी उरलेली जागा. ब्रेक मारल्यावर मागचा भाग वर उचलला जातो आणि त्यातील काही जागा तेथेच खर्च होते. पुढे रस्त्यावरचा लहानसा उंचवटाही चाक उडवायला पुरतो.

शॉक अॅब्सॉर्बरबाबत गॅरेजमधील एक पद्धत दिशाभूल करते. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडायचा आणि ती एकदाच वर येऊन स्थिरावली तर शॉक उत्तम ठरवायचा. हाताने हलवल्यावर गाडीचे धूड सेकंदाला एक-दीड वेळा डोलते. चाक त्याच्या दसपट वेगाने उसळते. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला शॉक दुसऱ्या परीक्षेत सपशेल नापास होऊ शकतो. टायरवर हात फिरवून उंच-सखल झिजलेले पट्टे लागतात का, शॉकच्या दांड्याभोवती तेल ओघळले आहे का, हे पाहणे अधिक विश्वासार्ह. कडक स्प्रिंगला मूळचाच मऊ शॉक ठेवला असेल, तर तो नवा असूनही अपुरा पडतो. जड अलॉय चाके या अडचणीत भर घालतात.

उंच केलेल्या जीपवर्गीय गाड्यांचे दुखणे निराळे आहे. मारुती जिप्सीत एक्सलखाली असलेले पाटे एक्सलच्या वर बसवून गाडी उंच करण्याची पद्धत रुळलेली आहे. ब्रेक लागताच एक्सलचे घर चाकांच्या दिशेने फिरू पाहते आणि पाट्यांना इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा पीळ पडतो. टायरची पकड सुटली की पीळ सुटतो, पकड बसली की पुन्हा पडतो. हीच ती उसळी. पाटे रस्त्यापासून दूर गेल्याने पिळणारा जोर वाढलेला असतो. येथे पाट्यांचे बुश, यू-बोल्ट आणि मधला बोल्ट तपासावा. ते ठीक असतील तर पीळ रोखणारा आधारदांडा लागतो. ब्रेकच्या बदलाने हे दुखणे जात नाही.

कारण हाती लागत नसेल, तर केलेले बदल एकेक करून मागे घ्यावेत आणि प्रत्येक वेळी तीच चाचणी करावी. कंटाळवाणे आहे, पण चार भाग एकदम बदलल्यास दोषी कोण हे कधीच कळत नाही.

कायद्याची बाजूही मालकांनी लक्षात घ्यावी. मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मूळ स्प्रिंग आणि चाके भंगारात न देता घरी जपून ठेवणाऱ्या मालकाला निदानाच्या वेळी त्यांचा उपयोग होतोच, परिवहन कार्यालयात तपासणीला जाताना तर अधिकच.